घरच्या कालवडीसाठी वळू निवडताना

दारात एक-दोन गाई बांधणाऱ्या घरात कालवड माज दाखवू लागली की पहिला प्रश्न वळूचा निघतो: गीरचा लावावा की जर्सीचा, गावातला वळू दाखवावा की दवाखान्यातून कृत्रिम रेतन करून घ्यावे. या प्रश्नाचे उत्तर वळूकडे पाहून मिळत नाही. ते कालवडीकडे पाहून मिळते. शंभर गाईंच्या गोठ्यात एखादी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदा विणारी कालवड, विताना अडली, तर ते नुकसान बाकीच्या गाई भरून काढतात. घरच्या एकुलत्या कालवडीच्या बाबतीत मात्र वर्षभराचे दूध, होणारे वासरू आणि तिची पुढची सारी वेते त्या एका विण्यावर अवलंबून असतात. म्हणून क्रम असा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे: आधी ती सुखरूप विते का, मग होणारे वासरू आपल्या गोठ्यात, आपल्या चाऱ्यावर आणि आपल्या हवेत टिकते का, आणि त्यानंतर ते दूध किती देईल. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावला जातो आणि त्याची किंमत कालवड मोजते.

आधी कालवड मोजावी

कालवड भरवण्यास, म्हणजे वळू दाखवण्यास किंवा रेतन करण्यास, योग्य झाली की नाही, हे वयावरून ठरवू नये, वजनावरून ठरवावे. जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या सुमारे ६० ते ६५ टक्के वजन झाल्यावरच कालवड भरवावी. जर्सी संकरित कालवडीसाठी हे वजन साधारण २०० ते २२५ किलो, तर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवडीसाठी २५० ते २७५ किलो येते. चांगल्या संगोपनात संकरित कालवड दीड वर्षाच्या आसपास तेथे पोहोचते; देशी कालवडीला दोन ते अडीच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

वजनकाटा नसला तरी साध्या टेपने अंदाज घेता येतो. कालवड सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी करावी. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोतील वजन. घेर ५८ इंच आणि लांबी ४८ इंच असेल, तर वजन सुमारे २४५ किलो येते. अशी कालवड जर्सी संकरित असेल तर भरवण्यास योग्य आहे. एचएफ संकरित असेल तर तिला आणखी एक-दोन माज जाऊ द्यावेत. माज वाया गेला म्हणून जीव तुटतो हे खरे, परंतु अपुऱ्या अंगाची कालवड भरवली तर तिची वाढ खुंटते, विताना ती अडते आणि पहिल्या वेताचे दूधही कमी मिळते.

आणखी एक गोष्ट वळूचा विचार सुरू होण्याआधीच विचारून घ्यावी. कालवड गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली असेल, तर अशा दहापैकी नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात, कारण गर्भाशयात दोघांचा रक्तपुरवठा जोडला जातो आणि तिच्या प्रजनन अवयवांची वाढ अपुरी राहते. बाजारातून घेतलेल्या कालवडीबाबत हे कोणी आपण होऊन सांगत नाही, म्हणून पशुवैद्यकांकडून तपासणी करूनच पुढे जावे.

रक्ताचा हिशेब

वासराला निम्मे रक्त आईकडून आणि निम्मे वळूकडून मिळते. हा हिशेब साधा असूनही निर्णय घेताना तो हमखास विसरला जातो. ५० टक्के एचएफ रक्ताच्या कालवडीला शुद्ध एचएफ वळूचे रेत दिले तर वासरू ७५ टक्क्यांचे होते. त्या वासराला पुन्हा शुद्ध एचएफ दिले तर नात साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर जाते. कागदावर दुधाची क्षमता वाढत जाते, पण त्याबरोबर उष्णता सोसण्याची ताकद घटते आणि गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिओसिस, बबेसिओसिस यांसारख्या तापांना बळी पडण्याची शक्यता वाढते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या गोठ्यात असे जनावर धापा टाकत उभे राहते. त्याचे दूध उतरते आणि माजही लपतो. म्हणून संकरित जनावरांत विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवावे, असा सल्ला आपल्याकडे दिला जातो आणि घरगुती गोठ्यासाठी तो अगदी योग्य आहे.

त्यामुळे ७५ टक्के एचएफ असलेल्या कालवडीला शुद्ध एचएफ देऊ नये. तिला ५० टक्के रक्ताच्या, नोंद असलेल्या संकरित वळूचे रेत दिले तर वासरू नेमके ६२.५ टक्क्यांवर येते. ५० टक्के रक्ताच्या कालवडीला तशाच ५० टक्क्यांच्या संकरित वळूचे रेत दिले, तर प्रमाण आहे तेथेच राहते. कालवडीच्या रक्ताची काहीच माहिती नसेल, तर वशिंड, मानेखालची पोळी आणि कातडीचा सैलपणा पाहून अंदाज बांधावा लागतो. वशिंड जवळजवळ दिसतच नसेल आणि पोळी आखूड असेल, तर विदेशी रक्त बरेच चढलेले आहे, असे समजून वळू निवडावा.

डोंगराळ, जास्त पावसाच्या किंवा चारा बेताचा असलेल्या भागात एचएफपेक्षा जर्सीचे रक्त बरे. जर्सीचे अंग लहान असल्याने चारा कमी लागतो आणि दुधाला फॅट चांगली लागते. डेअरीवर गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) धरून काढला जात असल्याने, घरात खाऊन उरलेले चार-पाच लिटर दूध घालणाऱ्या कुटुंबाला त्याचा प्रत्यक्ष फायदा होतो.

गावठी, म्हणजे कोणत्याही ठरावीक जातीची नसलेल्या कालवडीसाठी मी गीर किंवा साहिवालला पहिली पसंती देतो. वासरू काटक होते, दूध आईपेक्षा वाढते आणि पहिल्या विण्याचा धोका वाढत नाही. भरपूर हिरवा चारा, पाणी आणि पशुवैद्यकीय सेवा हाताशी असेल, तरच अशा कालवडीला जर्सी द्यावा.

जातिवंत देशी कालवडीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. लातूर-नांदेडकडची देवणी, कंधार भागातली लाल कंधारी, अकोले-इगतपुरीची डांगी, वर्ध्याकडची गवळाऊ किंवा सांगली-सोलापूरची खिल्लार अशी शुद्ध कालवड दारात असेल, तर तिला तिच्याच जातीचा वळू द्यावा. अधिक दुधाच्या आशेने देवणीला एचएफ दिला की त्या घरातील देवणी एकाच पिढीत संपते आणि पुन्हा शुद्ध वंश उभा करायला हयात जाते. शुद्ध जनावराला त्याची स्वतःची बाजारपेठही आहे. बैलगाडा शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवला. तेव्हापासून शर्यतीच्या पट्ट्यात उत्तम खिल्लार खोंडाची किंमत किती तरी महिन्यांच्या दुधाच्या पैशांहून अधिक असते. डांगीची गोष्टही तशीच आहे: सह्याद्रीच्या मुसळधार पावसात आणि चिखलात जे जनावर उभे राहते, त्याच्या जागी दुसरी जात आणून भागत नाही.

पहिले विणे आणि वासराचा आकार

शुद्ध जर्सीचे वासरू जन्मताना साधारण २५ किलोचे, गीरचेही त्याच सुमाराचे किंवा थोडे कमी, तर शुद्ध एचएफचे वासरू ४० किलोच्या घरात असते. २२० किलोच्या जर्सी संकरित किंवा गावठी कालवडीच्या पोटी एचएफचे वासरू वाढवणे म्हणजे अडचण ओढवून घेणे होय. अडलेल्या कालवडीचे वासरू ओढून काढताना वासरू दगावते, जार अडकते, गर्भाशयाला सूज येते आणि पुढे महिनोन्‌महिने ती गाभण राहत नाही. यासाठी पहिल्या वेताला वळू कालवडीच्या स्वतःच्या जातीएवढ्या किंवा तिच्यापेक्षा लहान अंगाच्या जातीचा असावा, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. अंगाने भरलेल्या एचएफ संकरित कालवडीलाही पहिल्या वेतासाठी जर्सी किंवा संकरित वळू देण्यात कमीपणा नाही. एकाच जातीच्या वळूंमध्येही वासराच्या आकारात फरक पडतो; परदेशी वंशाच्या वळूंच्या माहितीपत्रकात विण्याच्या सुलभतेचा आकडा दिलेला असतो, तो कालवडीसाठी दुधाच्या आकड्याआधी वाचावा.

वळूची माहिती कशी वाचावी

माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा वळूच्या आईच्या दुधाचा असतो, तोही ३०५ दिवसांच्या वेताचा. तो आकडा खोटा नसतो, परंतु त्यात त्या गाईला मिळालेला खुराक, हिरवा चारा, पंखे-फवारे आणि तीन वेळची धारही मिसळलेली असते, आणि यातील काहीच रेताबरोबर आपल्या गोठ्यात येत नाही. वळूच्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत किती दूध देतात, यावरून काढलेले पैदास मूल्य त्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वसनीय असते, कारण त्यात एका गोठ्याच्या चांगल्या-वाईट व्यवस्थेचा परिणाम निघून जातो. मुलींची नोंद उपलब्ध असलेला वळू मिळत असेल, तर आईचा आकडा थोडा कमी असला तरी तोच घ्यावा. देशी जातींत अशी नोंद असलेले वळू थोडे असतात. तेथे आईचे दूध, तिची फॅट आणि आजीचे दूध एकत्र पाहून निर्णय करावा.

दुधापाठोपाठ कास पाहावी. हाताने धार काढणाऱ्या घरात सड मुठीत बसतील असे मध्यम लांबीचे, चारही सारख्या अंतरावर आणि कास पोटाला घट्ट चिकटलेली असणे फार महत्त्वाचे आहे, कारण लोंबती कास चिखलात लागते आणि कासदाह होतो. कालवडीच्या आईची कास लोंबती असेल, तर मुलींच्या कासेची चांगली नोंद असलेला वळू मुद्दाम शोधावा.

आता नात्याचा प्रश्न. वळू आणि कालवड यांचे जवळचे नाते असता कामा नये. बाप आणि मुलगी यांच्या संकरातून होणाऱ्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के, तर सावत्र भावंडांच्या संकरात साडेबारा टक्के येते. अशी वासरे अशक्त निघतात, उशिरा माजावर येतात आणि कमी दूध देतात. कृत्रिम रेतनात हा धोका नाही, असा समज आहे, तो चुकीचा आहे. एकाच वळूच्या हजारो रेतमात्रा तयार होतात आणि एकाच तालुक्यात वर्षानुवर्षे पोहोचतात, म्हणून कालवडीच्या बापाचा क्रमांक माहीत असणे अत्यावश्यक आहे. तिच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यावर आधीच्या रेतनाची नोंद झालेली असेल, तर दवाखान्यातून तो क्रमांक मिळू शकतो. क्रमांक मिळालाच नाही, तर निदान केंद्र किंवा वळूची जात बदलावी.

कांडी माजाआधी ठरवावी

येथे सर्वाधिक घरे चुकतात. माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. त्या वेळी फोन करून बोलावलेल्या रेतन सेवकाच्या नायट्रोजनच्या टाकीत जे असेल, तेच कालवडीला मिळते; तेव्हा पसंतीला वाव उरत नाही. म्हणून कालवडीचा पहिला माज दिसताच, वजन भरलेले नसले तरी, तारीख वहीत लिहावी. पुढचा माज साधारण २१ दिवसांनी, म्हणजे १८ ते २४ दिवसांच्या दरम्यान येतो. वजन भरण्याच्या सुमारास येणारा माज हेरून त्याच्या दोन-तीन आठवडे आधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा रेतन सेवकाला भेटावे, जात, रक्ताची टक्केवारी आणि शक्य असल्यास वळूचा क्रमांक सांगून कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची बारीक नळी, मागवून ठेवण्यास सांगावे. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ आणि उरुळी कांचनची बाएफ संस्था यांच्या केंद्रांतून अनेक जातींच्या रेतमात्रा खेडोपाडी पोहोचतात, तेव्हा थोडी आधी मागणी केली तर पसंतीची जात मिळणे अवघड नसते.

सेवक घरी आल्यावर कांडी टाकीतून बाहेर निघताना जवळ उभे राहावे. नायट्रोजनमध्ये ती उणे १९६ अंश सेल्सिअसला असते. चिमट्याने उचललेली कांडी लगेच ३७ अंशांच्या, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागणाऱ्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट बुडवायला हवी. ती तळहातावर चोळून किंवा खिशात ठेवून वितळवली, तर उत्तमातल्या उत्तम वळूचे रेतही निकामी होते. कांडी पुसताना तिच्यावर छापलेला मजकूर वाचावा: जात, वळूचा क्रमांक, केंद्राची खूण आणि रेत गोळा केल्याचा तपशील त्यावर असतो. सांगितलेला क्रमांक आणि छापलेला क्रमांक एकच आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये. रेतन झाल्यावर रिकामी कांडी फेकून न देता वहीत त्या तारखेसमोर चिकटपट्टीने लावून ठेवावी, कारण पुढे होणाऱ्या कालवडीचा वळू निवडताना हाच पुरावा उपयोगी पडतो.

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. कालवड दुसऱ्या जनावराला अंगावर उडू देत स्थिर उभी राहते आणि काचेसारखा स्वच्छ, तुटत नाही असा बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) टाकते, ही खात्रीची लक्षणे आहेत. बळस गढूळ किंवा पूमिश्रित असेल, तर त्या माजाला भरवू नये. आधी उपचार करून घ्यावेत.

लिंगवर्गीकृत रेताची चौकशी अलीकडे सर्वत्र होते. या कांडीने साधारण ९० टक्के वेळा कालवड होते. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने संकरित गोऱ्ह्याचे काय करायचे, हा प्रश्न लहान घराला खरोखर छळतो, त्यामुळे या रेताकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. या कांडीत शुक्राणूंची संख्या साध्या कांडीपेक्षा बरीच कमी असते, म्हणून ती निरोगी, भरल्या अंगाच्या, नियमित माज दाखवणाऱ्या जनावराला आणि नेमक्या वेळीच द्यावी लागते. कालवड या अटीत चांगली बसते; शिवाय मादी वासरू नरापेक्षा थोडे लहान असल्याने पहिले विणेही थोडे सोपे जाते. माज मुका, म्हणजे लक्षणे नीट न दिसणारा, असेल किंवा वेळेची खात्री नसेल, तर महागडी कांडी वापरू नये.

गावचा वळू दाखवायचा असेल तर

रेतन सेवा पोहोचत नसलेल्या वाड्या-वस्त्यांवर, किंवा शुद्ध देवणी-खिल्लारची कांडी मिळत नसेल तेव्हा, वळू दाखवावाच लागतो. त्यात गैर काही नाही, मात्र वळू पाहून घ्यावा. देवाला सोडलेला किंवा मोकाट फिरणारा वळू देखणा असला, तरी त्याच्या आईचे दूध, त्याचे वय आणि त्याचे आजार यांपैकी कशाचीच नोंद नसते. एखाद्याने चांगल्या गाईच्या पोटचा म्हणून राखलेला संकरित गोऱ्हाही वळू म्हणून वापरू नये, कारण संकरित जनावरात आईचे गुण वासरात कसे उतरतील, याचा भरवसा नसतो.

सर्वांत मोठी भीती रोगांची आहे. ब्रुसेलोसिस, ट्रायकोमोनिएसिस आणि व्हिब्रिओसिस हे रोग समागमातून गाईला होऊ शकतात. त्यांच्यामुळे गर्भ गळतो किंवा गाय सतत उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि वळू मात्र वरून ठणठणीत दिसतो. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, गर्भपाताचा स्राव हाताळताना आणि कच्च्या दुधातून, त्यामुळे हा प्रश्न घरातील माणसांच्या तब्येतीचाही आहे. वळूच्या मालकाकडे अलीकडच्या तपासणीचा कागद मागावा. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस दिली असेल तर तिचा धोका कमी होतो, पण लस हा तपासणीला पर्याय नाही.

वळूच्या अंगाची पाहणी उजेडात, त्याला चालवून करावी. मागचे पाय सरळ आणि खूर सारखे असावेत. लंगडणारा वळू उडी नीट घेत नाही. दोन्ही अंडकोश सारखे, भरीव, लोंबते आणि दुखरे नसलेले असावेत. जातीची लक्षणे तपासावीत: गीरमध्ये घुमटासारखे उठलेले कपाळ आणि पानासारखे गुंडाळलेले लोंबते कान, देवणीत बालंक्या, वानेरा किंवा शेवरा यांपैकी स्पष्ट ओळखू येणारा रंग. स्वभाव शांत असावा, कारण मारका स्वभावही वंशातून उतरतो आणि धार घरातल्या बायकांनाच काढायची असते. कालवडीच्या मानाने फार थोराड वळू असेल, तर तिला खोड्यात उभी करूनच वळू दाखवावा. त्याच्या भाराने पहिलारूचे मागचे पाय आणि कंबर दुखावते. गावात तोच वळू तीन वर्षांहून अधिक काळ असेल, तर कालवड त्याचीच मुलगी नाही ना, हे दोनदा विचारावे.

भरवल्यानंतर

रेतनानंतर १८ ते २४ दिवसांत पुन्हा माज येतो का, यावर सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवावे. माज आला नाही म्हणून कालवड गाभण समजू नये. दोन ते तीन महिन्यांनी पशुवैद्यकांकडून खात्री करून घ्यावी आणि वहीत संभाव्य तारीख लिहावी. संकरित कालवड साधारण २८० दिवसांनी विते, गीर आणि इतर देशी कालवडी त्यापेक्षा काही दिवस अधिक घेतात. कालवड उलटली तर पहिल्या वेळी त्याच वळूची दुसरी कांडी द्यावी, कारण एका प्रयत्नात न राहणे अगदी सामान्य आहे. तिसऱ्या वेळीही ती उलटली, तर वळूवर दोष ठेवून गावोगावचे वळू दाखवत फिरू नये. माजाची वेळ, खुराकातील खनिज मिश्रण, जंत आणि गर्भाशयाची तपासणी हे सारे आधी पाहावे, आणि तोपर्यंत एक माज रिकामा जाऊ द्यावा.